कंपनीने नाटकाला पैसे द्यावेत का? (ओसाका, बुनराकु आणि आमची समिती)

ओसाकाकरीण

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं ओसाकात राहतेय. नोकरी एका जपानी कंपनीत. कंपनी मध्यम, यंत्रांचे सुटे भाग बनवते, पण याच शहरात जन्मलेली. त्यामुळे 'गावाचं देणं' वगैरे गोष्टी आमचे वरचे लोक मनापासून बोलतात. यंदा त्यांनी ठरवलंय की इथल्या पारंपरिक रंगभूमीला मदत करायची. त्यासाठी समिती नेमली आणि तीत मलाही घातलं. माझी पात्रता एवढीच, की मी पदरचे पैसे खर्चून बुनराकु बघायला जाते हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक झालंय. बाकीचे अस्सल ओसाकाकर. शाळेने नेलं होतं तेव्हा बघितलं, म्हणतात. त्यातला एक म्हणाला, "बघितलं म्हणजे काय, एसी मस्त होता."

बुनराकु म्हणजे इथलं बाहुलीनाट्य. ताकेमोतो गिदायूने १६८४ साली दोतोनबोरीत आपलं थिएटर काढलं, तेव्हापासून ते या शहराचं. एका बाजूला सगळ्या पात्रांचे आवाज एकट्याने काढणारा तायू, त्याच्या शेजारी शामिसेन हे तीन तारांचं वाद्य वाजवणारा, आणि रंगमंचावर एकेका बाहुलीला तीन तीन माणसं. २००३ साली युनेस्कोने गौरव केला. युनेस्कोने गौरव केला की समजावं, प्रकृती नाजूक आहे.

समितीत भांडण असं आहे : एक गट म्हणतो, एका प्रयोगाचे प्रायोजक होऊ, कार्यक्रमपत्रिकेवर कंपनीचं नाव येईल. दुसरा म्हणतो, शाळकरी मुलांना तिकिटं वाटू. मला वाटतं, पैसा शिकणाऱ्या पोरांकडे आणि वाद्यं-बाहुल्या दुरुस्त करणाऱ्यांकडे जावा. पण हे मांडायला गेले की आमचे वित्तविभागाचे साहेब विचारतात, "दिसणार कुठे ते?"

तर प्रश्न असा, की कंपनीने अशा कलेला पैसे द्यावेत का, आणि दिले तर कशासाठी? देणारा मग नाटकात नाक खुपसतो का? अनुभव, मतं, टोमणे सगळं चालेल.

गवती_चहा

वाचनखूण साठवली. पॉपकॉर्न घेऊन बसलेय.

टोक्योचा_पोपट

ताई, 'द्यावेत का' हा प्रश्न विचारायला जरा उशीर झालाय :) काबुकी, म्हणजे हाडामांसाच्या नटांचं पारंपरिक नाटक, तर जवळजवळ अख्खी एका कंपनीच्या हातात आहे. शोचिकु, स्थापना १८९५, दोघा जुळ्या भावांनी केलेली. नट तिच्याशी बांधलेले, मोठी थिएटरं तिची, सिनेमाही तीच काढते. गिन्झातली काबुकीझा २०१० मध्ये पाडली आणि एप्रिल २०१३ मध्ये नवी उघडली, तेव्हा मागे २९ मजली ऑफिसांचा टॉवर उभा केला. पुढे कौलारू देखणं थिएटर, मागे काचेचा मनोरा. शोभा पुढच्याने वाढवायची, भाडं मागच्याने भरायचं.

आणि नाव लावण्याचं म्हणाल तर एकदा काबुकीझात मध्यंतरात जागेवर बसून राहा. भरजरी विणलेले पडदे एकामागून एक खाली सोडतात आणि निवेदिका मंजुळ आवाजात चित्रकाराचं नाव आणि पडदा देणाऱ्या कंपनीचं नाव सांगते. आपल्याकडे लग्नात माईकवरून आहेर पुकारायचे, थेट तसं. लोक बेन्तो, म्हणजे डबा, खात खात ऐकतात. कोणाची कला बाटलेली मी पाहिली नाही.

ताळेबंद

पोपटराव, काबुकीचं उदाहरण इथे लागू होत नाही. तिथे कंपनी धंदा करते, फायदा-तोटा तिचा. ओसाकाकरीण विचारतायत ते देणगीबद्दल. दोन्हीचे हिशेब वेगळ्या वहीत.

माझा धंदा हिशेबतपासनीसाचा, त्यामुळे रुक्ष वाटेल, पण विचारतो. कंपनीचा पैसा भागधारकांचा असतो. साहेबांना बाहुल्या आवडतात म्हणून तो बाहुल्यांना का द्यावा? आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले. त्या यादीत पारंपरिक कलाही आहेत. पण मी जेवढे ताळेबंद पाहिले त्यात शाळेची स्वच्छतागृहं आणि आरोग्य शिबिरं. कला क्वचित. कारण स्वच्छतागृह मोजता येतं. नाटकाचं काय मोजणार? प्रेक्षक? मग तेच मोजा. अमुक इतके लोक आले तर अमुक इतके पैसे. सोपं आहे.

ओसाकाकरीण

@ताळेबंद, तुमचा हा सोपा उपाय ओसाकात करून झालाय हो!

हाशिमोतो तोरू इथले महापौर झाले २०११ च्या अखेरीस. महापालिका बुनराकु संस्थेला वर्षाला सुमारे ५ कोटी २० लाख येन देत असे. त्यांनी त्यातले पाव कापून ३ कोटी ९० लाखांवर आणले, मग काही काळ तेही अडवून ठेवले. २०१२ च्या उन्हाळ्यात स्वतः 'सोनेझाकी शिंजू' हे एकत्र मरणाऱ्या प्रेमिकांचं बुनराकु नाटक बघायला आले आणि बाहेर पडून जाहीर टीका केली की सादरीकरण जुनाट आहे, नवं काही करा. पुढे अट घातली : वर्षाला १ लाख ५ हजार प्रेक्षक आले तर पूर्ण अनुदान, कमी आले तर त्या प्रमाणात कात्री.

गंमत अशी की या भांडणाने बुनराकुची इतकी जाहिरात झाली, की कधी न फिरकलेले लोक 'बघू तरी काय आहे' म्हणून आले. २०१३-१४ मध्ये आकडा लाखावर गेला. पण अटीला थोडा कमी पडला आणि कात्री लागलीच.

वऱ्हाडी_ठेचा

मंग त्या महापौराचं चुकलं काय, मले सांगा? लोकाइच्या कराचा पैसा हाय. लाखभर माणूस घरातून उठून नाटकाले गेला, ते भांडण लावल्यामुळंच ना? त्या माणसाचा सत्कार करा राव.

गवती_चहा

ठेचा +१. आमच्या नगरपालिकेनेही आमच्या नाट्यगृहावर टीका करावी, निदान छत गळतंय हे लोकांना कळेल.

विंगेतला

मी ताळेबंद यांच्या मुद्द्यावर थोडं विस्ताराने लिहितो. आयुष्य विंगेत काढलं, नेपथ्य आणि प्रकाश. मुलगा कोबेला असतो, त्याच्याकडे गेलो की निप्पोनबाशीच्या राष्ट्रीय बुनराकु थिएटरात माझी फेरी ठरलेली. भाषा कळत नाही. वर सरकत्या ओळी येतात, त्याही जपानीत. तरी जातो, कारण मला माणसं काम करताना बघायची असतात.

तिघांची बाहुली. मुख्य जण डोकं आणि उजवा हात सांभाळतो, दुसरा डावा हात, तिसरा पाय. म्हण अशी आहे की पायाला दहा वर्षं, डाव्या हाताला दहा वर्षं, मग डोक्याला हात लावायचा. पाय सांभाळणारा पोरगा अख्खा प्रयोग कमरेत वाकलेला असतो आणि बाहुलीच्या चालीचा ठोका स्वतःच्या पायाने देतो. त्यात बायकांच्या बाहुल्यांना बहुधा पायच नसतात! तो किमोनोची खालची कड मुठींनी अशी चिमटत पुढे नेतो की तुम्हाला आत गुडघा दिसतो. म्हणून 'सोनेझाकी'त जेव्हा ओहात्सू ओसरीच्या कडेला बसून, खाली लपलेल्या तोकुबेईला आपलं पाऊल पुढे करून मूक प्रश्न विचारते, मरायची तयारी आहे का म्हणून, आणि तो ते पाऊल आपल्या गळ्याला लावून उत्तर देतो, तेव्हा त्या एवढ्याशा गोऱ्या पावलाकडे सगळं थिएटर बघत असतं. त्या बाहुलीला पाऊल फक्त त्या क्षणासाठी देतात.

आता सांगा, हे कोणत्या तिमाहीत मोजणार? कपड्याखाली दिसणारा गुडघा बनवायला दहा वर्षं लागली. कंपनीचा अर्थसंकल्प एक वर्षाचा, महापौराची मुदत चार वर्षांची. प्रेक्षक मोजू नका असं मी म्हणत नाही. रिकाम्या खुर्च्यांसमोर प्रकाशयोजना केली आहे मी, ते दुःख मला माहीत आहे. पण ते मोजमाप जाहिरात खात्याचं आहे, तालमीचं नाही.

आणखी एक. बाहुल्यांच्या डोक्यातले डोळे, भुवया, मान हलवायच्या स्प्रिंगा व्हेलच्या तोंडातल्या पट्ट्यांच्या असतात. दुसऱ्या वस्तूला तसा लवचीकपणा येत नाही म्हणतात. शामिसेनचं कातडं, पट्टी, दोरे, सगळं असंच कुठून कुठून येतं. २०२० मध्ये तिथला सर्वांत मोठा शामिसेन बनवणारा कारखाना बंद करायची वेळ आल्याची बातमी होती. वाद्य बनवणारा गेला की शंभर प्रायोजक आणून काय करणार? ओसाकाकरीण, तुमचं मत बरोबर आहे. साहेबांना 'दिसणार कुठे' विचारू द्या. म्हणावं, दिसत नाही तेच सांभाळायचंय.

अ_ब_क

विंगेतले काका, _/\_ पावलाचा परिच्छेद दोनदा वाचला.

वऱ्हाडी_ठेचा

काका, लिहिलं लय भारी. पण पोट्टे येतात का शिकाले? पैसा देऊन पोट्टा मिळते का?

विंगेतला

ठेचाभाऊ, दुखरी नस पकडलीत. १९७२ पासून राष्ट्रीय थिएटर नवीन मुलांसाठी दोन वर्षांचं मोफत प्रशिक्षण चालवतं. घराण्यात जन्म असायची अट नाही, आणि आजचे निम्म्याहून जास्त कलाकार त्यातूनच आले आहेत. पण २०२३ मध्ये बुनराकुच्या तुकडीला एकही अर्ज आला नाही.

चहाटळ

बाहुली नाचवायला माणूस मिळत नाही. बाहुलीच स्वतः नाचणारी आणा की. ती संगणकावरची गायिका हात्सुने मिकु आहे ना!

टोक्योचा_पोपट

चहाटळ, तू थट्टा करतोयस, पण ते झालंय. २०१६ मध्ये माकुहारीच्या एका महोत्सवात नाकामुरा शिदो या काबुकी नटाने मिकुबरोबर नाटक केलं. मिकु पडद्यावरची, शिदो हाडामांसाचा. तंत्रज्ञान एनटीटी या फोन कंपनीचं, आणि कंपनीचं नाव कार्यक्रमाच्या शीर्षकाला चिकटवलेलं : 'चो-काबुकी, सपोर्टेड बाय एनटीटी'. पोरं हातात रंगीत पेनलाइट घेऊन आली आणि काबुकीत जाणकार प्रेक्षक नटाच्या घराण्याच्या नावाने आरोळी ठोकतात तशा आरोळ्या ठोकायला शिकली. मिकुलाही ठोकतात. नंतर हेच क्योतोच्या मिनामिझा थिएटरात लागलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये खुद्द काबुकीझात. बहिणीला घेऊन गेलो होतो, वय १७. बाहेर पडल्यावर तिने विचारलं, "हे मिकुशिवायपण असतं का?" असतं म्हटलं.

षड्ज_पंचम

मला हे पटत नाही. फोन कंपनीला आपलं यंत्र विकायचं आहे, त्यासाठी चारशे वर्षांची कला मांडव म्हणून वापरली. कलेला आश्रय द्यायचा तर निःस्वार्थ द्यावा. शोगुन, म्हणजे लष्करी सत्ताधीश, आशिकागा योशिमित्सुने झेआमी या नटाला दिला, त्यातून नोह हे मुखवट्यांचं नाटक उभं राहिलं. त्याने झेआमीच्या मुखवट्यावर आपलं चिन्ह नाही रंगवलं. हल्ली प्रत्येक गोष्टीवर शिक्का हवा.

शिळोप्याच्या_गप्पा

षड्जपंचम, योशिमित्सु निःस्वार्थ? सतरा वर्षांच्या शोगुनला बारा वर्षांचा देखणा पोरगा आवडला, दरबारी लोक त्यावरून कुजबुजले आणि पुढे शोगुन बदलले तशी मर्जीही बदलली. म्हातारपणी झेआमीला सादो बेटावर धाडलं. दरबारी आश्रयापेक्षा फोन कंपनी बरी, निदान बेटावर पाठवत नाही.

आणि काबुकीत जाहिरात नवी नाही. १७१८ साली इचिकावा दांजूरो (दुसरा) या नटाने 'उइरो विकणारा' रंगवला. ओदावाराच्या एका घराण्याच्या औषधी गोळ्यांची आख्खी जाहिरात, जिभेला गाठी पडतील अशा लांबलचक भाषणात. आख्यायिका अशी की त्या गोळीने त्याचा घसा बरा झाला, म्हणून कृतज्ञतेने केली. भाषण आज जपानात निवेदक आणि आवाजाचे कलाकार उच्चाराच्या सरावाला म्हणतात. ते घराणं आजही ओदावारात ती गोळी विकतं. तीनशे वर्षं चाललेली जाहिरात कुठल्या एजन्सीने केली असेल तर दाखवा.

'सुकेरोकु' या काबुकी नाटकाचं तसंच. नायकाच्या कपाळाला जांभळा पट्टा असतो, तो एदोच्या, म्हणजे जुन्या टोक्योच्या, मासळीबाजाराकडून यायचा. मासेवाले व्यापारी दांजूरोचे पक्के चाहते. मोठा प्रयोग असला की ते थाटात पट्टा देत. आता हे प्रायोजकत्व म्हणायचं, की प्रेम?

चहाटळ

प्रेमच. मासळीवाल्यांनी नटाला कपाळपट्टी दिली, पापलेट नाही दिलं यातच सगळं आलं.

षड्ज_पंचम

शिळोप्या, उदाहरणं रंजक आहेत, पण फरक लक्षात घ्या. मासेवाले रोज नाटक बघायचे. नट पडला तर त्यांनाच आधी कळायचं. आजची कंपनी नाटक बघत नाही, नाटकाला आलेली गर्दी बघते. माझा आक्षेप पैशाला नाही, न बघणाऱ्याच्या पैशाला आहे.

ओसाकाकरीण

षड्जपंचम, हे मी समितीत तसंच्या तसं वापरणार आहे. आमच्या समितीत एसी बघणारे आहेत.

मालवणी_झील

ह्या सगळा वाचून माका आमचे पिंगुळीचे ठाकर आठावले. कळसूत्री बाहुलये, चामड्याची छायाबाहुली, चित्रकथी, सगळा एका वाडीत. सावंतवाडीच्या राजान आसरो दिलो म्हणान टिकला. राजो गेलो. आता पर्यटक येतत, फोटो काढतत. मुंबयच्ये साहेब येवन 'वाव' म्हणतत. पैसो कोण देता? असो, तुमचा चलांदे. बुनराकुवाल्यांका सांगा, पिंगुळीक येवा, सोलकढी माझ्याकडसून.

टोक्योचा_पोपट

झील, बिल प्रायोजकाला :)

शिळोप्याच्या_गप्पा

मूळ विषयाकडे येतो, कारण एक महत्त्वाची गोष्ट अजून कुणी लिहिली नाही. बुनराकु एकेकाळी कंपनीकडेच होतं. १९०९ मध्ये शोचिकुने बुनराकु-झा हे थिएटर चालवायला घेतलं आणि पन्नासहून जास्त वर्षं चालवलं. काबुकी जगली तसं हेही जगेल असा हिशेब असणार. पण बाहुलीनाट्यात नटाचा चेहरा नाही, चाहत्यांचा वेड लावणारा हिरो नाही. माणसं मात्र दरेक बाहुलीमागे तीन. युद्धात ओसाका जळालं, बाहुल्यांची डोकी जळाली. नंतर पगारावरून कलाकारांत फूट पडली. एक गट शोचिकुबरोबर राहिला, एक संघटनेचा झाला आणि स्वतंत्रपणे गावोगाव फिरला. गुरू इकडे, शिष्य तिकडे. १९६३ मध्ये शोचिकुने हात वर केले. मग केंद्र सरकार, ओसाका प्रांत, ओसाका शहर आणि एनएचके ही प्रसारणसंस्था यांनी मिळून बुनराकु संस्था काढली, गट पुन्हा एक झाले. आजचं थिएटर १९८४ चं, सरकारी.

म्हणून 'कंपनी वाचवेल' हे बुनराकुच्या लोकांना सांगायला जाऊ नका. कंपनीने एकदा सोडलेलं आहे.

ताळेबंद

हे उत्तम लिहिलंत, आणि यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो. तोटा होता, म्हणून सोडलं. सरकारने घेतलं, तर महापौराने कापलं. ज्याच्या खिशातून जातं तो कधीतरी विचारणारच. ताजं उदाहरण टोक्योतलं. १९६६ चं राष्ट्रीय थिएटर पाडून नवं बांधायचं, खाजगी कंपन्यांनी यावं, हॉटेल वगैरे काढून पैसा वसूल करावा अशी योजना. २०२२ आणि २०२३ मध्ये निविदा काढल्या, कंत्राट कुणालाच गेलं नाही. बांधकामाचे भाव चढलेले, हिशेब बसेना. ऑक्टोबर २०२३ पासून थिएटर बंद आणि कलाकार टोक्योभर उसन्या मंचांवर. संस्कृतीवर भाषणं करणाऱ्या कंपन्या तेव्हा कुठे होत्या?

विंगेतला

ताळेबंद, इथे मी तुमच्या बाजूने. उसन्या मंचावर बुनराकु लावणं म्हणजे काय ते विचारा. बाहुलीवाल्यांची कमरेखालची बाजू झाकायला मंचाच्या पुढच्या भागात खोलगट चाल लागते, बाजूला तायूचा फिरता कट्टा लागतो. साध्या सभागृहात हे सगळं उभं करायचं आणि मोडायचं. यावर कोणी पैसे दिले तर पडदा देण्यापेक्षा पुण्य जास्त.

गवती_चहा

नोह राहिलंच. त्यांचं कसं भागतं?

टोक्योचा_पोपट

नोहचे प्रायोजक म्हणजे हौशी शिष्य. निवृत्त डॉक्टर, कंपन्यांचे अध्यक्ष, त्यांच्या बायका. पैसे भरून शिकतात, वर्षाकाठी खऱ्या मंचावर उभं राहायला मिळतं, त्याचे वेगळे पैसे. कान्झे घराण्याचं थिएटर २०१७ पासून गिन्झा सिक्स या मॉलच्या तळघरात आहे. वर परदेशी पर्सांची दुकानं, तीन मजले खाली शिबुयाहून उचलून आणलेला हिनोकी लाकडाचा मंच. आधी नाक मुरडलं, मग गेलो. लिफ्टचं दार उघडलं की लाकडाचा वास. तक्रार मागे.

ओसाकाकरीण

हौशी शिष्य म्हणालात म्हणून राहवत नाही. राकुगोत, म्हणजे एकट्याने बसून विनोदी गोष्ट सांगायच्या कलेत, एक गोष्ट आहे, 'नेदोको'. एका मोठ्या दुकानदाराला गिदायू, म्हणजे बुनराकुतल्या तायूचं गायन, गायचा छंद. आवाज असा की ऐकणारा आजारी पडावा. हा भाडेकरूंना आणि नोकरांना जेवणाचं, साकेचं आमंत्रण देतो. प्रत्येकाकडून निरोप : कुणाला तातडीची ऑर्डर, कुणाची बायको बाळंत व्हायला आलेली, कुणाचं पोट बिघडलेलं. मालक रागावतो आणि 'उद्या घरं खाली करा' म्हणतो. तेव्हा सगळे धावत येतात, खाऊनपिऊन झोपतात. एक पोऱ्या तेवढा रडतोय. मालक गहिवरतो, कुठला प्रसंग लागला रे? पोऱ्या मालक बसला होता त्या जागेकडे बोट दाखवतो : तिथं माझं अंथरूण असतं.

ओसाकाचे व्यापारी खरंच गिदायू शिकायचे. त्या काळी प्रायोजक स्वतः गायचा, त्यामुळे त्याला चांगलं गाणं म्हणजे काय हेही कळायचं. षड्जपंचम म्हणतात तो मुद्दा हाच.

चहाटळ

आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांना ही गोष्ट ऐकवतो. कराओके घेतात दर कोजागिरीला.

अ_ब_क

लहान गावांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून भर घालतो. उत्तरेत अकिता प्रांतात कोसाका नावाचं खाणीचं गाव. खाण कंपनीने १९१० मध्ये कामगारांच्या विरंगुळ्यासाठी कोराकुकान थिएटर बांधलं. बाहेरून पाश्चात्त्य धाटणीची पांढरी इमारत, आत काबुकीचा हानामिची, म्हणजे प्रेक्षकांतून मंचाकडे जाणारी पुलासारखी वाट, आणि माणसांनी ढकलायचा फिरता रंगमंच. खाण गेली, थिएटर चालू आहे. आणि कागावात कोतोहिराला १८३५ चं कानामारु-झा. तिथे १९८५ पासून वसंतात काबुकी होते. गावातले तरुण दुकानदार स्वतः खाली तळघरात जाऊन रंगमंच ढकलतात, गिऱ्हाइकांना जागेवर नेतात. कोविडमुळे थांबलं होतं, २०२४ मध्ये पुन्हा सुरू झालं. 'स्थानिक' शब्द अशा ठिकाणी शोभतो.

शिळोप्याच्या_गप्पा

अ_ब_क, छान आठवण. यावरून ओसाकातलंच एक. सत्तरच्या दशकात कान्साईत, म्हणजे ओसाका-क्योतोच्या भागात, काबुकी जवळजवळ संपली होती. प्रेक्षक नाहीत म्हणून प्रयोग नाहीत, प्रयोग नाहीत म्हणून प्रेक्षक नाहीत. तेव्हा पुढे आल्या त्या कामगार संघटना! कंपन्यांच्या मालकांनी नव्हे, युनियनवाल्यांनी नागरिकांना धरून काबुकी जगवायची चळवळ काढली, सभासदांत तिकिटं खपवली. १९७९ मध्ये प्रयोग झाले, आणि नट होडीतून नदीने मिरवत येतात ती जुनी पद्धतही तेव्हाच पुन्हा सुरू झाली. ती मिरवणूक आज उन्हाळ्यातला देखावा आहे. ओसाकाकरीण, तुमच्या कंपनीत युनियन आहे का?

ओसाकाकरीण

आहे! आणि हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. सोमवारी बैठक आहे, सांगते.

वऱ्हाडी_ठेचा

सांगजो वं ताई. आम्ही बसलो हाओत.

ओसाकाकरीण

बैठक झाली. लांबण लावत नाही.

नाव लावायचा बेत बारगळला, पण तत्त्वाने नव्हे. शीर्षकात नाव घालायचे पैसे आमच्या आवाक्याबाहेर होते. शाळकरी मुलांच्या तिकिटांवर मी म्हटलं, राष्ट्रीय थिएटर उन्हाळ्यात मुलांसाठी वेगळे प्रयोग करतंच, तिथे आपल्याला भर घालण्यासारखं थोडं आहे. मग शिळोप्यांचा १९७९ चा मुद्दा काढला. युनियनचे प्रतिनिधी, जे आतापर्यंत चहाकडे बघत होते, ताठ बसले. त्यांच्या वडिलांनी त्या वेळी तिकिटं विकली होती, म्हणे! त्यानंतर सूत्रं त्यांच्याकडेच गेली.

ठरलं ते असं. दर हंगामाला, म्हणजे जानेवारी, एप्रिल, उन्हाळा आणि नोव्हेंबर, कंपनी साध्या संध्याकाळच्या जागा घेणार. ज्याला हवं त्याने घरच्यांसह जायचं, अर्धे पैसे स्वतःचे. फुकट दिलं की माणूस एसीच बघतो, हे युनियनवाल्यांचंच म्हणणं. उरलेली रक्कम वाद्यदुरुस्ती आणि शिकणाऱ्यांसाठी, तीन वर्षांची हमी देऊन. मी दहा मागितली होती. वित्तविभागाचे साहेब हसले. 'दिसणार कुठे' याला विंगेतल्या काकांचं वाक्य भाषांतर करून ऐकवलं, त्यावर शांतता आणि मग "वार्षिक अहवालात एक फोटो तरी?" फोटो मान्य केला.

विंगेतला

तीन वर्षं म्हणजे पायाच्या शिक्षणाचा तिसरा हिस्साही नाही. पण चौथ्या वर्षी पुन्हा बैठक लावा. अभिनंदन.

ताळेबंद

अर्धे पैसे स्वतःचे, हे मला सगळ्यात आवडलं. वहीत बसतं.

षड्ज_पंचम

साहेब स्वतः जाणार आहेत का?

ओसाकाकरीण

षड्जपंचम, आमचे अध्यक्ष जाणार आहेत. शिवाय बैठकीच्या शेवटी त्यांनी हळूच विचारलं, गिदायू शिकवणारे कोणी माहीत आहे का.

चहाटळ

घर कंपनीचं आहे का तुमचं? खाली करायची तयारी ठेवा.

गवती_चहा

=)) =))

अ_ब_क

नोव्हेंबरात आईला घेऊन जपानला जातोय. आईला गुडघ्यांचा त्रास, तीन-चार तास बसवणार नाही. बुनराकु झेपेल का?

टोक्योचा_पोपट

टोक्योत असाल तर काबुकीझात चौथ्या मजल्यावर एकेका अंकाचं तिकीट मिळतं. बुनराकुला मधे खाण्यापुरती सुट्टी असते, खुर्च्या ऐसपैस आहेत. इंग्रजी माहितीचं यंत्र भाड्याने मिळतं का ते तिकीट काढतानाच विचारून घ्या. आईंना उजवीकडची पुढची जागा घ्या. तायूचा कट्टा त्याच बाजूला असतो, त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं तरी निम्मं नाटक कळतं.

विंगेतला

पोपटराव, उजवीकडे पण अगदी पुढे नको. मान वर करून बघावं लागतं. सहावी-सातवी रांग.